वैद्यकीय विद्यार्थी आणि ग्रामीण समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण भागात प्रशिक्षणासाठी जाणारे वैद्यकीय विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि ज्यांच्या गावात हे विद्यार्थी येतात ते ग्रामस्थ, हे तिघेही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांचे उत्तर दोन-चार वाक्यांत संपते. काहींसाठी मात्र इतिहासात आणि प्रत्यक्ष कामाच्या तपशिलात शिरावे लागते.

आजार तर सगळीकडे तेच असतात. मग ग्रामीण आरोग्य वेगळे का शिकायचे?

न्यूमोनिया शहरात आणि खेड्यात सारखाच असतो, हे खरे आहे. पण त्याचे निदान कधी होते, कोण करते आणि औषध किती तासांनी पोटात जाते, यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगातील जवळपास निम्मे लोक ग्रामीण भागात राहत होते, परंतु परिचारिकांपैकी सुमारे ३८ टक्के आणि डॉक्टरांपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी तिथे काम करत होते. वेल्समधील खाणकामगारांच्या एका गावात अनेक दशके डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये या विसंगतीला नियमाचे रूप दिले: ज्या लोकसमूहाला चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

त्याखेरीज, कामातून आणि परिसरातून येणारे आजारही वेगळे असतात. कीटकनाशकांची विषबाधा, सर्पदंश, जनावरांकडून माणसाला होणारे ब्रुसेलोसिस व लेप्टोस्पायरोसिस, बुरशी लागलेल्या गवताच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा विकार, उघड्यावर राबताना होणारा उष्माघात ही त्यांतली काही उदाहरणे. सर्पदंशाने जगात दर वर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे मृत्युमुखी पडतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि तरीही दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या तिच्या यादीत सर्पदंशाचा समावेश २०१७ मध्ये झाला. ज्याचे सारे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात होते, त्या विद्यार्थ्याची या विषयांशी ओळख बहुधा पाठ्यपुस्तकातील एखाद्या परिच्छेदापुरती राहते.

विद्यार्थी गावात शिकायला जातो की सेवा करायला?

दोन्हींसाठी, पण आधी शिकायला. हा क्रम उलटला की गोंधळ सुरू होतो. ज्याला अजून फारसे येत नाही, त्याने सेवेच्या भावनेने पुढे होऊन केलेले काम रुग्णाच्या अंगाशी येऊ शकते, आणि गावाला त्याची तक्रार करायलाही जागा नसते, कारण काम मोफत आणि सद्भावनेने झालेले असते. म्हणून विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की मी शिकण्यासाठी आलो आहे, माझ्याबरोबर अमुक अनुभवी डॉक्टर आहेत, आणि उपचाराचा निर्णय त्यांचा असेल. असे सांगितल्याने मान कमी होत नाही. ज्या कुटुंबाला हे ठाऊक असते, ते विद्यार्थ्याला अधिक मोकळेपणाने शिकवते, असाच अनुभव आहे.

तरीही शिकणे हे केवळ घेणे होऊ नये. विद्यार्थी माहिती घेतो, अनुभव घेतो, पुढे पदवीही घेतो. त्या बदल्यात गावाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमाने स्वतःला दर वर्षी विचारला पाहिजे. या पानावरील बहुतेक उत्तरांचा धागा याच प्रश्नाशी जुळतो.

विद्यार्थ्यांना गावात शिकवण्याची कल्पना कधीपासूनची आहे?

तिला एकच जन्मस्थान नाही. मेक्सिकोने १९३६ मध्येच वैद्यकीय शिक्षण संपवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी समाजसेवेचा काळ सक्तीचा केला. परंतु विद्यार्थी गावाकडून काय शिकू शकतो, हे समजून घ्यायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथील कथा सविस्तर पाहण्यासारखी आहे.

सिडनी आणि एमिली कार्क या तरुण डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये नाताळ प्रांतातील या अतिशय गरीब भागात आरोग्य केंद्र सुरू केले. येईल त्या रुग्णाला तपासून औषध देणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्थानिक लोकांमधून निवडलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाहणी केली, कोणत्या कुटुंबात कोण राहते, काय खाते, कशाने आजारी पडते याची नोंद ठेवली, आणि मुलांचे कुपोषण समोर आल्यावर परसबागा लावण्याचे काम हाती घेतले. एकेका रुग्णावरील उपचार आणि संपूर्ण वस्तीच्या आरोग्याचा हिशेब या दोन गोष्टी एकाच केंद्रात, एकाच हातांनी करायच्या, हा त्यांचा मूळ विचार होता.

याच ठिकाणी १९५७ मध्ये जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी काही महिने शिकण्यासाठी आला. पुढे १९६०च्या दशकात त्याने आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी तशाच धर्तीचे आरोग्य केंद्र उभारले. तिथे भुकेमुळे खंगलेली मुले आली, तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्नपदार्थ लिहून दिले आणि त्यांचा खर्च केंद्राच्या औषधांच्या निधीतून केला. निधी देणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर गायगर यांचे उत्तर असे होते की कुपोषणावर शास्त्राने सांगितलेला नेमका उपचार अन्न हाच आहे. त्या केंद्राच्या पुढाकाराने विहिरी आणि शौचालये खोदली गेली, शेतीची सहकारी संस्थाही उभी राहिली. विद्यार्थिदशेतील काही महिन्यांचा मुक्काम किती दूरवर पोहोचू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

भारतात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रमातील शिबिर आणि प्रत्येक तुकडीसाठी एक गाव अशी पद्धत रुजवली. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मंजूर केल्यावर या साऱ्या विखुरलेल्या प्रयोगांना एक समान भाषा मिळाली.

गावात वेळ घालवला तर परीक्षेचा अभ्यास मागे पडतो का?

ही भीती पालकांना आणि शिक्षकांनाही वाटते, म्हणून तिचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ १९७१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नऊ महिन्यांसाठी ग्रामीण भागातील डॉक्टरांकडे पाठवत आले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले आणि काही विद्यार्थ्यांचे रुग्णालयातील प्रशिक्षणाचे एक संपूर्ण वर्ष लहान गावांतील दवाखान्यांत हलवले. औषधवैद्यक, शल्यक्रिया, बालरोग, प्रसूती अशा वेगवेगळ्या पाळ्या न लावता हे सर्व विषय वर्षभर एकत्रच शिकायचे, अशी ती रचना होती. या विद्यार्थ्यांची मोठ्या शहरी रुग्णालयात शिकलेल्या सहाध्यायांशी केलेली तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि गावात शिकलेल्या गटाची परीक्षेतील कामगिरी कमी तर नव्हतीच, उलट सरस होती.

याचे कारण कळण्याजोगे आहे. मोठ्या रुग्णालयात एका रुग्णाभोवती दहा विद्यार्थी उभे असतात आणि पाळी बदलली की तो रुग्ण पुन्हा दिसत नाही. लहान गावातील विद्यार्थ्याला तीच गर्भवती पाचव्या महिन्यात, नवव्या महिन्यात, प्रसूतीच्या वेळी आणि पुढे बाळाच्या लसीकरणाला भेटते. आपण दिलेला सल्ला पाळला गेला की नाही आणि नसेल तर का, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. अर्थात, हे आपोआप घडत नाही. शिकवण्याची इच्छा आणि त्यासाठी वेळ असलेला डॉक्टर तिथे नसेल, तर गावातील वर्ष म्हणजे केवळ केस पेपर भरण्याचे वर्ष ठरू शकते.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

पायी फिरावे. वस्तीचा नकाशा स्वतः काढावा: पाण्याची ठिकाणे, सांडपाणी कुठे साचते, शाळा, दुकान, मुख्य रस्त्यापासून सर्वांत लांबचे घर, आणि रात्री दोन वाजता वाहन कोणाकडे मिळते. गावाच्या कडेला राहणारी, ज्यांचा उल्लेख इतर लोक सहसा करत नाहीत अशी घरे नकाशात आवर्जून आली पाहिजेत, कारण लस चुकलेली मुले बहुधा तिथेच सापडतात. गावातील मान्यवरांना भेटणे आवश्यक आहे, पण गावाविषयीची सगळी माहिती त्यांच्याकडूनच घेतली तर अर्धे गाव दिसतच नाही. पहिला आठवडा कोणतीही तपासणी न करता गेला तरी वाया गेला असे समजू नये.

घरभेट कशी करावी?

कुटुंबाच्या सोयीने करावी. शेतीच्या हंगामात दुपारी बारा वाजता गेलेल्या विद्यार्थ्याला कुलपे किंवा फार तर वृद्ध माणसे भेटतात, आणि मग तो अहवालात लोकांच्या उदासीनतेविषयी लिहितो. आधी विचारून वेळ ठरवावी, जिथे बसायला सांगतील तिथे बसावे, छापील प्रश्नावली लगेच बाहेर काढू नये. कुटुंबाला नकार द्यायचा असेल तर तो सहज देता यावा, असे विचारावे. दारात चार विद्यार्थी आणि एक शिक्षक उभे असताना नाही म्हणणे कोणालाही जड जाते, म्हणून एका घरी दोघांहून अधिक जणांनी जाऊ नये.

काय विचारावे यापेक्षा काय पाहावे आणि कधी गप्प बसावे, हे शिकायला जास्त वेळ लागतो. चुलीचा धूर कुठून बाहेर जातो, पिण्याचे पाणी कशात साठवले आहे आणि ते काढण्यासाठी भांड्यात हात घालावा लागतो का, हे न विचारताही कळते. घरातील औषधांची पिशवी दाखवायला सांगितली, तर बहुतेक कुटुंबे ती आनंदाने दाखवतात, आणि त्या पिशवीतून कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक समजते: अर्ध्यावर सोडलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे, एकाच औषधाची दोन वेगवेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेली पाकिटे, शेजाऱ्याकडून आणलेले प्रतिजैविक. गोळ्या नियमित घेता का, या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी गेल्या महिन्यात औषध कधी संपले होते आणि तेव्हा काय केले, असे विचारले की खरी अडचण बाहेर येते, आणि ती विसराळूपणाहून अधिक वेळा पैशांची किंवा प्रवासाची असते.

घरातील निर्णय कोण घेते, हेही समजून घ्यावे. सुनेला तपासणीला यायचे असते, पण पैसे आणि परवानगी दुसऱ्याकडे असते. तिच्याशी एकटीने बोलण्याची संधी मिळावी यासाठी स्त्री आरोग्य कार्यकर्ती बरोबर असणे फार मोलाचे ठरते. दुसऱ्या भेटीला जाताना पहिल्या भेटीत दिलेले एखादे छोटे वचन पूर्ण झालेले असावे, उदाहरणार्थ तपासणीचा राहिलेला अहवाल आणून देणे. पहिल्या भेटीत लोक सभ्यतेने बोलतात. खरे बोलणे साधारण तिसऱ्या भेटीपासून सुरू होते.

रुग्ण इतक्या उशिरा का येतात?

ग्रामीण पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्यांच्या तोंडी हा प्रश्न बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. त्याचा अभ्यास केला, तर ग्रामीण आरोग्याचा निम्मा विषय हाती लागतो, असे माझे मत आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली: उपचार घेण्याचा निर्णय होण्यातील विलंब, आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. ही मांडणी मातामृत्यूंपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

समजा, एखादा शेतमजूर पायाची जखम चिघळल्यावर तीन आठवड्यांनी आला. पहिले काही दिवस जखम किरकोळ वाटली, कारण मधुमेहामुळे पाय बधिर आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग एक दिवसाची मजुरी बुडवून केंद्रात गेला, तर त्या दिवशी डॉक्टर बैठकीला गेलेले होते. पुन्हा येण्यासाठी मजुरीचे पैसे हाती येण्याची वाट पाहावी लागली. ओपीडीच्या टेबलावरून पाहिले तर हा निष्काळजी रुग्ण दिसतो. त्याच्या तीन आठवड्यांचा हिशेब मांडला, तर त्यातील किमान एक विलंब आरोग्य व्यवस्थेच्या खात्यावर जमा होतो. विद्यार्थ्याने पोस्टिंगच्या काळात निदान पाच रुग्णांचा असा दिवसवार हिशेब लिहून काढावा आणि तो स्थानिक केंद्रातील डॉक्टर व परिचारिकांसमोर नम्रपणे मांडावा. बैठकीचा वार बदलण्यासारख्या साध्या उपायाने पुष्कळ माणसांची एकेक खेप वाचू शकते.

विद्यार्थ्याने स्वतः कोणती कामे करावीत आणि कोणती करू नयेत?

जे काम तो आपल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकट्याने करू शकत नाही, ते त्याने गावातही एकट्याने करू नये. रुग्ण गरीब आहे किंवा दुसरा कोणी उपलब्ध नाही, या कारणाने हा नियम सैल होत नाही. औषध लिहून देणे, इंजेक्शन देणे, टाके घालणे, प्रसूती करणे ही कामे देखरेखीखालीच व्हावीत.

यानंतरही करण्याजोगे बरेच उरते, आणि ते दुय्यम समजण्याची चूक करू नये. खोकला किंवा धाप असलेल्या मुलाचा श्वास, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजणे हे कौशल्य जीव वाचवते: २ ते ११ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास ही न्यूमोनियाची शंका घेण्याची खूण आहे. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्याला लगेच पुढे पाठवावे लागते; त्यासाठी एक मोजपट्टी पुरते. जुलाब होत असलेल्या मुलाच्या घरी क्षारसंजीवनीचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असे द्रावण कुटुंबाकडूनच करवून घ्यावे, आपण करून दाखवू नये. चमचा छोटा, चहाचा असावा आणि पाण्याचे माप त्यांच्याच घरातील भांड्याने ठरवावे. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब लसीसाठी जायचे, हे गावातील प्रत्येक शाळकरी मुलाला सांगता आले, तर ती खरीखुरी सेवा झाली.

एक दिवसाचे आरोग्य शिबिर घेतले तर चालेल का?

माझे उत्तर शक्यतो टाळावे असे आहे. शिबिरात दोनशे लोकांचा रक्तदाब मोजला जातो, तीस जणांचा वाढलेला निघतो, त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात आणि अकराव्या दिवशी काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. एका दिवसाच्या मोजणीवर उच्च रक्तदाबाचे निदान सहसा पक्के होतही नाही. शिबिर घ्यायचेच असेल, तर ते स्थानिक आरोग्य केंद्राबरोबर घ्यावे, प्रत्येक नोंद त्या केंद्राच्या वहीत जावी, औषधे त्या केंद्रात पुढेही मिळणारीच असावीत, आणि ज्यांना पुढे पाठवले त्यांच्यापैकी किती जण पोहोचले हे महिन्याभराने पाहणारी व्यक्ती आधीच ठरलेली असावी.

स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांशी कसे वागावे?

शिक्षकांशी वागावे तसे. गावातील आरोग्यसेविकेला कोणत्या घरात कोण गर्भवती आहे, कोणाचे मूल गेल्या महिन्यापासून अंग धरत नाही आणि कोणाच्या दारात सकाळी जाऊ नये, हे तोंडपाठ असते. जामखेड येथे रजनीकांत आणि माबेल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात गावातील, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांनी प्रशिक्षण घेऊन आपापल्या गावाचे आरोग्य सांभाळले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या चमूने खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे वाचल्यावर कार्यकर्तीला पिशवी धरायला सांगून स्वतः प्रश्न विचारत सुटणाऱ्या विद्यार्थ्याला आपली जागा कळावी.

तिच्यासमोर किंवा गावकऱ्यांसमोर तिची चूक काढू नये. तिच्या नोंदीत चूक आढळली तर तिला बाजूला घेऊन सांगावे. विद्यार्थी महिन्याभराने निघून जातो. तिला त्याच लोकांत राहून काम करायचे असते.

लोक आधी वैदूकडे किंवा मांत्रिकाकडे जात असतील तर?

आधी का जातात, ते विचारावे. तो रात्री भेटतो, उधारीवर काम करतो आणि नीट ऐकून घेतो, ही उत्तरे वारंवार मिळतात, आणि त्यांतून आपल्या सेवेत काय कमी आहे ते कळते. निरुपद्रवी गोष्टींवर वाद घालण्यात शक्ती घालवू नये. जिथे धोका आहे, तिथे मात्र स्पष्ट बोलावे: सर्पदंशावर जखम कापणे, विष चोखणे, घट्ट आवळून बांधणे आणि झाडफूक करत वेळ दवडणे यांनी माणूस दगावतो. चावलेला अवयव हलू न देता माणसाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायला हवे. ज्याच्याकडे लोक प्रथम जातात त्या माणसालाच हे पटवता आले, तर एक महत्त्वाचा विलंब तिथेच टळतो.

भाषा येत नसेल तर काय करावे?

निदान वीस-पंचवीस वाक्ये आणि शरीराच्या अवयवांची, वेदनांची स्थानिक नावे शिकूनच जावे. दुभाषा म्हणून रुग्णाच्या मुलाला किंवा नातेवाइकाला बसवू नये, विशेषतः स्त्रियांच्या आजारांविषयी बोलताना.

गोपनीयता कशी पाळावी? छायाचित्रे काढावीत का?

शहरात नाव गाळले की रुग्णाची ओळख बहुधा झाकली जाते. दोनशे घरांच्या गावात वय, व्यवसाय आणि आजार एवढे सांगितले तरी माणूस ओळखता येतो. क्षयरोगाच्या रुग्णाच्या दारात संस्थेचे नाव लिहिलेले वाहन उभे केले, तर एक शब्दही न बोलता गोपनीयतेचा भंग होतो, आणि त्याची किंमत त्या घरातील मुलीच्या लग्नापर्यंत मोजावी लागू शकते. आजारी मुलांची, उपचार घेणाऱ्या माणसांची छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकणे पूर्णपणे टाळावे. परवानगी घेतली होती, हे समर्थन पुरेसे नाही. उपचारासाठी आपल्यावर अवलंबून असलेला माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो.

विद्यार्थ्यांनी गावात संशोधन करावे का?

जरूर करावे, मात्र नैतिकता समितीची मान्यता घेऊन, आणि ज्याचे उत्तर गावाच्या उपयोगी पडेल असाच प्रश्न निवडून. कोणता प्रश्न निवडायचा, हे रुग्णालयात बसून सुचत नाही. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, परंतु त्यांच्यापैकी फारच थोड्या जणींची त्याआधी कधी तपासणी झाली होती. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या नोंदींतून हे कधीच दिसले नसते.

निरीक्षण बारकाईचे असेल, तर साध्या ठिकाणीही मोठे ज्ञान हाती लागते. कोकणात तरुण डॉक्टर म्हणून काम करताना हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्या लक्षणांचा क्रम टिपला, आणि प्राझोसिन या औषधाचा त्यांनी सुरू केलेला वापर पुढे या विषबाधेवरील मान्य उपचार ठरला. पाहणी संपल्यावर तिचे निष्कर्ष गावाला, गावाच्या भाषेत, बैठक घेऊन सांगितले पाहिजेत. ज्यांनी उत्तरे दिली त्यांनाच निकाल न कळवणे हा अप्रामाणिकपणा आहे.

ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थीच पुढे गावात काम करतात का?

ग्रामीण भागात वाढलेले विद्यार्थी पुढे तिथे काम करण्याची शक्यता जास्त असते, हे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत सातत्याने दिसते, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत प्रवेशाच्या वेळीच अशा विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्याचा समावेश आहे. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ पासून प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी निवडते आणि पदवीनंतर आपल्या प्रांतात नऊ वर्षे काम केल्यास त्यांचे शिक्षणशुल्क माफ होते. कॅनडात उत्तर ऑन्टारियोतील, २००५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याच भागातील उमेदवारांना प्राधान्य देते, पहिल्या वर्षी त्यांना चार आठवडे आदिवासी समुदायांत आणि तिसऱ्या वर्षी आठ महिने लहान गावांत ठेवते. शहरात वाढलेल्यांनी यातून निराश होण्याचे कारण नाही. जॅक गायगर न्यू यॉर्कमध्येच लहानाचे मोठे झाले होते.

ग्रामीण सेवा सक्तीची असावी का?

सक्तीमुळे रिकामी केंद्रे भरतात, हा फायदा नाकारता येत नाही. परंतु अनुभवी वरिष्ठ, राहण्याची सुरक्षित जागा, औषधे आणि संपर्काचे साधन न देता नवख्या डॉक्टरला दूरच्या केंद्रात एकटे बसवणे हे त्याच्यावर आणि गावावरही अन्यायकारक आहे. अशा पोस्टिंगमधून तरुण डॉक्टर गावाला कायमचे पारखे होतात. सक्ती करणाऱ्याने आधी या चार गोष्टींची हमी द्यावी. विशेषतः विद्यार्थिनींच्या निवासाची आणि रात्रीच्या प्रवासाची व्यवस्था पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहून खात्री केलेली असावी.

पोस्टिंग संपताना काय करावे?

निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून प्रत्येक कुटुंबाला आपली शेवटची भेट कधी आहे ते सांगावे आणि पुढे कोणाला विचारायचे ते नावानिशी सांगावे. आपल्या हातून अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी करावी: कोणाचा रक्ताचा अहवाल यायचा आहे, कोणत्या मुलाची दुसरी मात्रा कोणत्या तारखेला आहे, कोणाला मोठ्या रुग्णालयात पाठवले होते पण ते अजून गेलेले नाहीत. ही यादी आरोग्यसेविकेबरोबर बसून ओळीओळीने वाचावी, तिला जे चुकीचे वाटेल ते दुरुस्त करून घ्यावे, आणि त्या दुरुस्त केलेल्या यादीची एक प्रत केंद्राच्या वहीत लावून दुसरी पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्यासाठी ठेवावी, म्हणजे तो त्या घरांत जाईल तेव्हा कुटुंबाला सगळे पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.